हीटर मागण्याआधी धुराडं विचारा

डिसेंबर लागला की मनाली, गुलमर्ग, औलीची बुकिंगं पक्की होतात आणि हॉटेलवाल्याला फोनवर एक प्रश्न हमखास जातो, ‘रूममध्ये हीटर आहे ना?’ ‘आहे’ म्हटलं की आपलं समाधान होतं. तो विजेचा की गॅसचा, आणि गॅसचा असेल तर जळून झालेला वायू कुठे जातो, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की, हीटर आहे की नाही यापेक्षा हा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. ज्या खोलीत झोपायचं, तिथे धुराडं नसलेला गॅस हीटर रात्रभर चालता कामा नये. मग तो कुठल्याही कंपनीचा असो आणि त्याच्या खोक्यावर सुरक्षेबद्दल काहीही छापलेलं असो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळमधून गेलेल्या पर्यटकांपैकी आठ जण रिसॉर्टच्या एकाच खोलीत गॅस हीटर लावून झोपले. त्यांत चार मुलं होती. दार-खिडक्यांना आतून कड्या होत्या. सकाळी सगळे बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पण एकही वाचला नाही. ना आग लागली होती, ना स्फोट झाला होता. आपल्याकडे ‘गॅस’ म्हटलं की भीती वाटते ती या दोन गोष्टींची, आणि म्हणूनच असला हीटर आपल्याला निरुपद्रवी वाटतो.

डोंगराळ भागातल्या हॉटेलांत दिसणारा नेहमीचा हीटर म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं कपाट. मागच्या कप्प्यात सिलिंडर आणि पुढे लालबुंद होणाऱ्या सिरॅमिकच्या तीन पट्ट्या. तिन्ही पेटवल्या तर तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस जळतो. एवढा गॅस जाळायला किलोभराहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. आता खोली धरू दहा बाय बाराची, छत नऊ फुटांवर. समुद्रसपाटीला अशा खोलीतल्या हवेत सगळा मिळून आठ-साडेआठ किलो ऑक्सिजन असतो. म्हणजे खोली पुरती बंद असेल तर पहिल्या तासातच त्यातला आठवा हिस्सा संपला. दामन सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे हिशेब सुरू होतो तोच जवळपास पाऊण भांडवलावर. शिवाय त्याच तासात जवळजवळ अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. हीटर पेटल्यावर खिडकीच्या काचेला आतून ओघळ लागायला लागले, तर जळलेलं सगळं खोलीतच साठतं आहे असं खुशाल समजावं. खरी खोली इतकी हवाबंद नसते, हे मान्य. पण दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबणारे, पडद्याला पिना लावणारे आपणच असतो.

ऑक्सिजन कमी पडला, बर्नरवर धूळ किंवा कोळिष्टक साचलं, एखादी पट्टी तडकली, की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं, ते गळती कळावी म्हणून. गॅस जळला की ते रसायनही जळतं. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हे गळतीपुरतं खरं आहे. मोनॉक्साईडच्या बाबतीत त्याला काहीच अर्थ नाही.

यावर जाणकार म्हणतील, चांगल्या हीटरला ऑक्सिजन कमी झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. असते, आणि हीटर विकत घ्यायचाच असेल तर ती नसलेला घेऊच नये. पण ती काय करते हे बघायला हवं. हीटरमध्ये एक छोटी पायलट ज्योत सतत एका थर्मोकपलला तापवत असते. ऑक्सिजन अठरा टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत अस्थिर होऊन थर्मोकपलपासून दूर सरकते, तो थंड होतो आणि गॅसची झडप मिटते. रचना सुरेख आहे, पण ती मोजते फक्त ऑक्सिजन. खोलीत ऑक्सिजन पुरेसा असताना मळलेल्या बर्नरमधून मोनॉक्साईड येत असेल, तर या ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. उंचीवर तिची दुसरीच तऱ्हा होते. तंबूत किंवा गाडीत वापरायचे जे छोटे प्रोपेन हीटर अमेरिकेत मिळतात, त्यांतल्या काहींच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की, सात हजार फुटांवर हीटर मध्येच विझू शकतो. सारखा विझणारा हीटर चालू राहावा म्हणून कुणी त्या सोयीतच खुडबुड केली, की होता तो पहाराही गेला.

दुसरा आक्षेप खिडकीचा. खिडकी थोडी उघडी ठेवली की झालं, असं बरेच जण सांगतात आणि हीटरच्या पुस्तिकेतही तेच असतं. जागेपणी, संध्याकाळी दोन तास, हे अगदी बरोबर आहे. पण बाहेर उणे आठ असताना रात्री दोन वाजता ज्याच्या पायाला गार वारा लागतो, तो अर्धवट झोपेत उठून खिडकी लावणार. कुडकुडणाऱ्या माणसाच्या निर्धारावर ज्या नियमाची सगळी मदार आहे, त्याच्या भरवशावर मुलांना झोपवायचं नसतं. कॅलिफोर्नियात राहत्या घरासाठी धुराड्याशिवायचे गॅस हीटर विकायलाच मनाई आहे. ‘वापरा, पण जपून’ एवढ्यावर तिथे भागवलेलं नाही, आणि मला ते पटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. पहाडात वीज जाते, असली तरी दाब नसतो, तेलाचा रेडिएटर लावला की फ्यूज उडतो, मग हॉटेलवाल्याने करायचं काय? त्याची अडचण खरी आहे. पण पहाडी माणसाने थंडीवरचे उपाय सिलिंडर यायच्या कितीतरी आधी शोधले होते, आणि त्यांतले चांगले उपाय धूर घराबाहेर नेणारे आहेत. लडाख-काश्मीरची बुखारी आणि हिमाचलात ज्याला तंदूर म्हणतात ती पत्र्याची शेगडी, दोन्हींना छपरातून किंवा भिंतीतून बाहेर जाणारा पाइप असतो. (काश्मिरी कांगडी मात्र या यादीत धरू नका. निखारेही मोनॉक्साईड सोडतात, आणि बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू.) शिवाय अख्खी खोली रात्रभर तापवायची गरजच नसते, अंथरूण तापलं तरी पुरतं. जाड रजई, गरम पाण्याची पिशवी, वीज असेल तर विजेचं ब्लँकेट. गॅस हीटर असलाच तर तो जेवणं होईपर्यंत खिडकी किलकिली ठेवून चालवावा. झोपताना बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटरही फिरवावा आणि पाच मिनिटं दार उघडून खोलीतली हवा बदलावी.

लेहकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच हट्टाला पेटतो आणि द्रवच राहून तळाशी बसतो. हिवाळ्यात ज्योत मलूल पडते ती यामुळे. मग सिलिंडर शेगडीजवळ सरकवायचा किंवा उकळत्या पाण्यात उभा करायचा मोह होतो. असा प्रकार चालू असलेल्या खोलीत राहू नये. खोली बदलून घ्यावी, आणि कारण मोठ्याने सांगावं.

डोंगरात हा धोका ओळखणंच अवघड असतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं ही मोनॉक्साईडची लक्षणं. विरळ हवेचा त्रास होतो तेव्हाही अगदी हीच लक्षणं दिसतात. माणूस गोळी घेऊन, पांघरूण ओढून, त्याच खोलीत ‘आराम’ करतो. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर लोक लडाखला सोबत नेतात आणि बोटाला लावतात. साधा ऑक्सिमीटर मोनॉक्साईड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनवालंच समजतो आणि छान आकडा दाखवतो. त्यामुळे एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, किंवा बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटतं आणि आत आलं की पुन्हा दुखतं, तर त्याचा दोष उंचीला देऊ नका. आधी हीटर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावं, डॉक्टरांना हीटरबद्दल आवर्जून सांगावं.

सोबत न्यायचंच तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साईड अलार्म न्यावा. तो मुठीएवढा असतो, मोबाइलच्या चार्जरशेजारी बॅगेत मावतो. विकत घेताना मात्र फसायला होतं. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुधा एलपीजीची गळती ओळखणारं असतं, आणि हॉटेलच्या छतावरचं असतं ते धुरासाठी. दोन्हींचा इथे उपयोग नाही. खोक्यावर कार्बन मोनॉक्साईड असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि युरोपचं ईएन ५०२९१ किंवा अमेरिकेचं यूएल २०३४ यांपैकी एक मानक. युरोपच्या मानकाप्रमाणे हवेत दहा लाख भागांत ५० भाग मोनॉक्साईड झाला तर अलार्म तासा-दीड तासात वाजतो, ३०० भाग झाला तर तीन मिनिटांच्या आत. तो पडद्यामागे न ठेवता उशाजवळच्या टेबलावर ठेवावा.

पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरांत गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, त्यामुळे हा वायू मराठी घरांना अनोळखी नाही. सहलीला निघताना मात्र सगळी भिस्त टूर कंपनीवर असते. कंपन्या प्रवाशांना टोपी-मोजे-थर्मलची लांबलचक यादी पाठवतात. हॉटेलशी करार करताना झोपायच्या खोल्यांत धुराड्याविना गॅस हीटर नसेल अशी अट घालणं आणि टूर मॅनेजरच्या बॅगेत चार-पाच अलार्म देणं त्यांना कठीण नाही. त्याचा खर्च माणशी वाटला तर एका चहा-नाश्त्याएवढाही पडणार नाही. या मोसमाचं बुकिंग करणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी हे दोन मुद्दे ईमेलने विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं.