चार थेंब पाण्यातून?

घरात कर्करोगाचा रुग्ण असला, की सल्ल्यांना तोटा नसतो. गवती चहाच्या तेलाने कर्कपेशी मरतात, असे कुणी सांगते. कुणी संत्र्याच्या सालीच्या तेलाची बाटलीच आणून देते. ‘रोज चार थेंब पाण्यातून द्या.’ देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच आपल्याला नाही म्हणणे जड जाते.

सांगणारा खोटे बोलत असतो, असेही नव्हे. गवती चहातील सिट्रल या घटकाने प्रयोगशाळेतील कर्कपेशी मरतात, हे संशोधकांनी नोंदवले आहे. परंतु काचपात्रात तेल पेशींवर थेट पडते. (तेथे त्या साबणानेही मरतील!) पोटात गेलेल्या तेलाचे यकृतात विघटन होते; गाठीपर्यंत त्यातले किती पोहोचणार?

संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. त्याच्याच कुळातील पेरिलिल अल्कोहोलने उंदरांच्या गाठी आक्रसल्या, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेत ते रुग्णांना तोंडावाटे देऊन पाहिले गेले. मात्रा मोठी द्यावी लागे. मळमळ आणि थकव्याने रुग्ण बेजार झाले, आणि गाठींवर अपेक्षित परिणाम काही दिसला नाही. पुढे ब्राझीलमध्ये मेंदूतील गाठींसाठी ते श्वासावाटे देण्याचे प्रयोग झाले. तेही शुद्ध घटक मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वनस्पतींत औषध नसते, असे मात्र समजू नये. व्हिन्क्रिस्टीन हे केमोथेरपीतील औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळाले. पण ते वेगळे काढून, काटेकोर मात्रेत शिरेतून देतात. पाने चावून ते साधत नाही.

तेव्हा ही तेले पोटात देऊ नका. निलगिरीचे तेल चमचाभर गेले तरी ग्लानी व झटके येऊ शकतात. लवंगेचे तेल जास्त गेल्यास यकृताला इजा होते. किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवरही ती लावू नयेत.

सुगंध म्हणून त्यांचा उपयोग जरूर आहे. रुमालावर लॅव्हेंडरचा एखादा थेंब टाकून तो उशाशी ठेवला, तर काहींची अस्वस्थता थोडी निवते. आधी रुग्णाला विचारावे. केमोथेरपीच्या दिवसांत एरवीचा आवडता वासही नकोसा होतो.

आणि कुणी बाटली आणून दिलीच असेल, तर ती लपवू नका. पुढच्या तपासणीला जाताना औषधांच्या पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.