पराभवाच्या छायेतील प्रार्थना

एकादशीच्या या पुण्यदिनी श्रद्धाळू वाचकांपुढे आम्ही एक प्रसंग ठेवू इच्छितो. प्रसंग क्रिकेटच्या मैदानावरील आहे. परंतु त्याचे मर्म भक्तीचे आहे.

30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 338 धावा उभारल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावसंख्येचा पाठलाग तोवर कोणत्याही संघास साधला नव्हता. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने कर्णधार हरमनप्रीत कौर हिच्यासह 167 धावांची भागी रचली आणि नाबाद 127 धावा करून विजय खेचून आणला. सामना संपताच साश्रू नयनांनी तिने आभार मानले ते येशूचे.

त्या अश्रूंना मागील दुःखाची पार्श्वभूमी होती. 2022 च्या विश्वचषक संघातून तिला वगळण्यात आले होते. 2025 च्या स्पर्धेतही ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसावे लागले. त्या दिवसांत आपण चिंतेने ग्रासलो होतो, जवळजवळ रोज रडत होतो, असे तिने स्वतःच सांगितले.

थकवा असह्य झाला, तेव्हा बायबलमधील एका वचनाने आपल्याला तारले, असेही ती म्हणाली. त्या वचनाचे मूळ ‘निर्गम’ ग्रंथातील कथेत आहे. पुढे समुद्र, मागे फारोचे सैन्य, अशा कोंडीत सापडलेल्या आपल्या लोकांना मोशे धीर देतो, की तुम्ही स्थिर राहा, लढा देव लढेल. या स्थिरतेचा अर्थ निष्क्रियता नव्हे. जेमिमा शेवटच्या चेंडूपर्यंत धावत होती. स्थिर झाले होते ते तिचे मन. अर्धशतक झाले, शतक झाले, तरी तिने जल्लोष केला नाही, कारण कार्य अपुरे होते. गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश ज्या घरांत नित्य वाचला जातो, तेथे या आचरणाचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

श्रद्धा म्हणजे विजयाचा गंडा, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल याने रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून 100 मीटरच्या आपल्या हुकमी शर्यतीवर पाणी सोडले. 400 मीटरमध्ये त्याला सुवर्णपदक लाभले, हे खरे. पण पुढे चीनमध्ये धर्मसेवा करीत असता 1945 साली जपान्यांच्या बंदिछावणीत त्याचा अंत झाला. तेथे पदक नव्हते, श्रद्धा होती. जेमिमाही 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात 24 धावांवरच बाद झाली. संघ 52 धावांनी जिंकला. देव धावा मोजून देत नाही. पराभवाने माणसाचे मोल घटत नाही, एवढी ग्वाही भक्ती देते, आणि खचलेल्या खेळाडूस नेमकी तीच हवी असते.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. प्रार्थना करणाऱ्या या मुलीने माणसांचा आधार नाकारला नाही. आईजवळ ती रडली. सहकारी मैत्रिणी तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या, याचाही तिने कृतज्ञतेने उल्लेख केला. परीक्षेत वा खेळात अपयशी ठरलेली मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांना ‘देवावर भार टाक’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो काय? देवाचा आधार पुष्कळदा माणसांच्याच रूपाने येतो, हे विसरून चालणार नाही.

तिने येशूचे नाव घेतले म्हणून समाजमाध्यमांवर काहींनी नाके मुरडली. आम्हांस ते शोभादायक वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली. येशूचे नाव या भाषेला परके नाही. आज आपण विठ्ठलापुढे हात जोडू, तेव्हा संकटात आपणही असेच कोणाला हाक मारली होती, हे आठवावे. ज्याने स्वतः आर्त हाक मारली आहे, त्याला दुसऱ्याची हाक खुपू नये.