काचेच्या घरातील संसार

गेल्या महिन्यात एका वाचक-भगिनीचे पत्र आले. परीक्षा आटोपल्यावर त्यांनी आपल्या मुलास शहरातून एक काचपेटी व आठ रंगीत मासे आणून दिले. पेटी त्याच दिवशी धुतली, वाळू घातली, नळाचे पाणी भरले आणि सायंकाळी मासे सोडले. मुलगा वेळच्या वेळी खाणे घालीत असे. पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते. तरीही नवव्या दिवशी शेवटचा मासा उलटा होऊन तरंगू लागला. तेव्हापासून मुलगा त्या पेटीकडे पाहावयासही तयार नाही. "माझ्याच हातून ते मेले," असे तो म्हणतो. आमचे काय चुकले, असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

भगिनी, हीच चूक प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या पेटीच्या वेळी केली होती. तेव्हा मुलास दोष देण्याचे कारण नाही. जे पाणी डोळ्यांस निर्मळ दिसते ते माशांसही निर्मळ असते असे नाही. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाण्यातून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. त्याला रंग नसतो. नदीत अथवा तळ्यात एका जातीचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे पुढे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. नव्या पेटीत हे उपकारक जिवाणू नसतात. ते वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वसून पुरेसे वाढावयास सामान्यतः ४ ते ६ आठवडे लागतात. आपण पहिल्याच दिवशी आठ पाहुणे घरात आणले, परंतु केर काढणारे कोणी नव्हते. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तेही माशांच्या कल्ल्यांस जाळते.

तेव्हा पेटी पुन्हा मांडावी, आणि या वेळी तिच्यात सिक्लिड कुळातील मासे पाळावेत, अशी माझी सूचना आहे. नाव परके वाटले तरी कूळ परके नाही. आपल्या खाजनांतील आणि खाडीतील काळुंदर हा याच कुळातला. काळुंदर म्हटले की आपणांस तवा आणि मसाला आठवतो. परंतु हा मासा आपली अंडी व पिले जिवापाड सांभाळतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. या कुळातील १,७०० हून अधिक जातींची शास्त्रज्ञांनी नोंद केली आहे. त्यांतील बहुतेक आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. भारताच्या मूळ रहिवासी जाती अवघ्या तीन. काळुंदर ही त्यांतील सर्वांत मोठी. केरळात तिला करिमीन म्हणतात व २०१० साली त्या राज्याने तिला राज्यमत्स्याचा मान दिला. दुसरी जात कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील नद्यांत राहते. तिसरी म्हणजे केरळ, दक्षिण कानडा व श्रीलंका येथे आढळणारी लहानशी केशरी जात. केरळात तिला पल्लत्ती म्हणतात.

काळुंदर वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो. त्याला घरातील पेटी पुरत नाही. तो तळ्यातच शोभतो. पल्लत्ती मात्र फार तर ८ सेंटिमीटर वाढते व शहरातील रंगीत माशांच्या दुकानांतून मिळू शकते. तिची पेटी कशी मांडावी ते आता पाहू.

पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच असावी. काच ८ मिलिमीटर जाडीची घ्यावी. सांधे भरण्यासाठी बुरशीनाशक नसलेलेच सिलिकोन वापरावे, कारण ते औषध माशांस मारते. सांधे आठवडाभर सुकू द्यावेत व पेटी अंगणात भरून एक दिवस पारखावी. भरलेल्या पेटीचे वजन दीडशे किलोंहून अधिक होते. म्हणून तिला भक्कम, सपाट बैठक हवी. काचेखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा, म्हणजे बैठकीचा उंचसखलपणा काचेस बाधत नाही. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये; पाणी शेवाळाने हिरवे होते. तळाशी धुतलेली वाळू, एकदोन सपाट दगड आणि एक मातीची कुंडी आडवी ठेवावी. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी पुरेशी आहे. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी, हा नियम मुलांस पहिल्याच दिवशी शिकवावा.

पाणी विहिरीचे असल्यास उत्तम. नळाचे असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे, म्हणजे साधे क्लोरीन उडून जाते. काही शहरांत क्लोरामिन वापरतात. ते असे उडत नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे औषध घालावे लागते. पल्लत्ती खाडीच्या मचूळ पाण्यात रुळलेली आहे. म्हणून दर लिटरला २ ग्रॅम जाडे मीठ घातल्यास तिला मानवते. आपल्या पेटीत सुमारे १२० लिटर पाणी राहील. त्यास पाव किलोहून किंचित कमी मीठ लागेल. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाणी आटते, मीठ आटत नाही. आटलेले पाणी भरून काढताना गोडे पाणीच घालावे. पाणी काढून बदलताना मात्र नव्या पाण्यात त्याच प्रमाणात मीठ मिसळावे.

आता सर्वांत कठीण भाग, तो म्हणजे वाट पाहणे. मासे न सोडता गाळणी चालू ठेवावी व एक दिवसाआड माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाकावी. ते कुजून अमोनिया होतो व त्यावर जिवाणू वाढू लागतात. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. पाणी तपासण्याचा संच दुकानात मिळतो. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि टिकले, की पेटी तयार झाली असे समजावे. त्यानंतर मासे दोनतीनच्या गटाने आणावेत. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. तो नळाखाली धुतला तर आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाहून जाते.

पाणी २४ ते २८ अंश उष्णतेचे असावे. किनाऱ्यावर त्यासाठी काही करावे लागत नाही. बेळगावकडे थंडीच्या दिवसांत मात्र पाणी गरम ठेवणारी नळी हवी. पल्लत्तीतील नर व मादी वरून ओळखता येत नाहीत. म्हणून सहा लहान मासे आणावेत व त्यांचे त्यांनाच जोडपे जमवू द्यावे. जोडपे जमले की ते एखादा कोपरा आपला म्हणून राखू लागते व इतरांस हुसकावते. तेव्हा बाकीच्यांना दुसरीकडे हलवावे. मादी दगडावर अथवा कुंडीच्या आत सुमारे दोनशे अंडी चिकटवते. मग दोघे आळीपाळीने पंखांनी त्यांवर पाणी खेळवतात व पहारा करतात. पाण्याच्या उष्णतेप्रमाणे तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. आईबाप वाळूत खळगे करतात आणि पिलांना तोंडात धरून त्यांत नेऊन ठेवतात. काही दिवसांनी पिले पोहू लागली, की ती आईबापांच्या अंगाला तोंड लावून त्यांच्या त्वचेवरील चिकट द्रव खातात. आईबाप निमूटपणे तसे करू देतात. एवढ्यावर मात्र पिलांचे पोट भरत नाही. त्यांना मिठाच्या पाण्यात उबवलेली आर्टेमियाची बारीक पिले दिवसातून दोनतीनदा द्यावीत.

पहिल्या खेपेस आईबाप कित्येकदा स्वतःचीच अंडी खातात. मुलाने हे पाहिले तर त्याला वाईट वाटेल. परंतु नवखे जोडपे अनुभवाने शिकते. पुढील खेपांस बहुधा पिले दिसतात.

पिले फार झाली तर शेजाऱ्यास अथवा दुकानदारास द्यावीत. ओढ्यात, विहिरीत वा तळ्यात सोडू नयेत. आफ्रिकेतील तिलापिया हा याच कुळातला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज तो आपल्या तळ्यांत आणि नद्यांत पसरला असून कित्येक ठिकाणी देशी माशांच्या मुळावर आला आहे. उलट, नेटकी राखलेली पेटी एखाद्या जातीचा शेवटचा आसराही होऊ शकते. मादागास्करमधील मंगराहारा नदीत या कुळातील एक जात होती. धरणांमुळे आणि भातशेतीसाठी वळवलेल्या पाण्यामुळे ती नाहीशी झाली असे वाटत होते. २०१३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे दोन मासे उरले होते, आणि दोन्ही नर. त्यांनी जगभर मादीसाठी आवाहन केले. शेवटी मादागास्करमध्येच एका लहान प्रवाहात १८ मासे सापडले व त्या जातीची वीण पुढे चालू राहिली.

तेव्हा, भगिनी, ती रिकामी पेटी अडगळीत टाकू नका. मुलाला जवळ बसवून मासे का मेले ते सांगा. ते त्याच्या निष्काळजीपणाने मेले नाहीत. त्याला जे कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे मेले. मग त्याच्याच हाताने पाणी भरून घ्या व भिंतीवरील दिनदर्शिकेवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेस त्यालाच खूण करावयास सांगा. तोवर पाण्याची नोंद त्याने वहीत ठेवावी. पहिली अंडी दिसली की मात्र या स्तंभाकडे दोन ओळी अवश्य लिहून पाठवाव्यात. आम्ही वाट पाहू.