बावीस छायाचित्रांवरून निकाल

दुसऱ्या ग्रहाची जवळून टिपलेली पहिली छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली ती १९६५ च्या जुलै महिन्यात. अमेरिकेचे 'मरिनर ४' हे यान मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरांवरून गेले आणि जाता जाता त्याने २१ पूर्ण व एक अपुरे चित्र फितीवर साठवून घेतले. ती पृथ्वीकडे धाडण्याची गती इतकी संथ की, एकेका चित्राला आठ तासांच्या आसपास वेळ लागे. पॅसाडेना येथील तंत्रज्ञांना तेवढा धीर कोठला! त्यांनी येणाऱ्या आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवर डकवल्या आणि रंगीत खडूंनी पहिले चित्र हातानेच सिद्ध केले.

चित्रांत दिसली ती विवरे. कालव्यांचा मागमूस नव्हता. १८७७ साली स्कियापारेली यांनी मंगळावरील रेषांना इटालियनमध्ये 'कानाली' म्हटले. त्याचा अर्थ नुसते चर असाही होतो. इंग्रजीत त्याचे 'कॅनॉल' झाले, आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच! पर्सिव्हल लॉवेल यांनी तर त्या खणणाऱ्यांवर ग्रंथ रचले. भाषांतरातील हयगयीचे वर्गात सांगण्याजोगे याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

भ्रम गेला हे इष्टच झाले. परंतु त्याच महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'मृत ग्रह' या मथळ्याचा अग्रलेख लिहून मंगळाचा निकालही लावून टाकला. त्या चित्रांत मंगळाचा भाग किती आला होता? अवघा शंभरावा हिस्सा! एवढ्यावरून ग्रहाचे मृत्युपत्र लिहिणे हे लॉवेलच्या कालव्यांइतकेच निराधार होते. सुदैवाने यानांच्या योजना अग्रलेखांवर चालत नाहीत. १९७१ मध्ये 'मरिनर ९' मंगळाभोवती फिरू लागले आणि धुळीचे वादळ शमताच प्रचंड ज्वालामुखी, अजस्र दऱ्या, किंबहुना एके काळी वाहत्या पाण्याने कोरलेली कोरडी पात्रेही दिसली.

हे जुने प्रकरण आज उकरण्यास कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, 'पर्सिव्हिअरन्स' या यंत्राने तपासलेल्या एका खडकावरील ठिपके प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असू शकतील. जीवसृष्टीवाचूनही तसे ठिपके उमटण्याची शक्यता त्यांनी नाकारलेली नाही. 'शकतील' हा शब्द मथळ्यात जागा अडवतो खरा. तथापि आमच्या व्यवसायबंधूंनी तो गाळू नये. त्या खडकाचा नमुना नळीत बंद होऊन अद्याप मंगळावरच आहे.