शाकाहारी ताटाचा ताळेबंद

ढाणकीसारख्या बाजारपेठेच्या गावात व्यापारी घरांचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळपासून दुकानात बैठक, चहाबरोबर शेव-चिवडा, जेवणात तुपाची पोळी, लोणचे, पापड आणि निमित्ताने गोडधोड. या घरांना पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार ठाऊक नाही. म्हणूनच पन्नाशीच्या आत रक्तदाब किंवा मधुमेह निघाला की घरची मंडळी चकित होतात, ‘आपण तर शुद्ध शाकाहारी; मग हा आजार आला कुठून?’

या प्रश्नाचे उत्तर हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१७ मधील एका अभ्यासात मिळते. त्यांनी वनस्पतिजन्य आहाराचे दोन प्रकार केले. एकात अख्खे धान्य, डाळी, भाज्या, फळे. दुसऱ्यात मैदा, साखर व गोड पेये. पहिला आहार घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला, तर दुसरा घेणाऱ्यांत अधिक. शाकाहार हा धर्म आहे. पथ्य हा त्याच्या पुढचा निर्णय आहे.

तो निर्णय किती फळतो, हे अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ प्रयोगाने दाखवले. भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर दिल्यावर, मिठाचे प्रमाण न बदलताही, उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा दाब नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ११ अंकांनी उतरला. मीठही घटवले तर लाभ आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. पापड-लोणच्यातले मीठही त्यातच मोजावे लागते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे राहिले आणि फळे, ताक, भरपूर पाणी, सूर्यस्नान व कटिस्नान अशा साध्या उपायांनी त्यांनी ग्रामस्थांवर उपचार सुरू केले. पुढे मणिभाई देसाई यांनी तेथील निसर्गोपचार आश्रम जोपासला. खेड्यातील गरिबालाही परवडेल तेच खरे औषध, ही त्यामागची भूमिका होती. जैन परंपरेत तर रसपरित्याग हे बाह्य तपच आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांपैकी काही रस सोडण्याचा नियम घेणाऱ्यांना पथ्याची सवय निराळी लावावी लागत नाही.

उमरखेड तालुक्यातील घराला यासाठी महाग वस्तू आणाव्या लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, तूर-मुगाचे वरण, हरभऱ्याची उसळ, जवसाची चटणी हे सारे विदर्भाचेच अन्न. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर दोडका, दुधी, पडवळ, गवार आहेतच. भाकरीही मोजूनच घ्यावी. ज्वारीनेही साखर वाढते.

तीन सावधगिऱ्या मात्र आवश्यक आहेत. आहार बदलला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. उलट मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे अचानक घटवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळी व फळांचे प्रमाणही त्यांनाच विचारावे. शाकाहारींनी, विशेषतः मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

शेवटी प्रश्न उरतो तो स्वयंपाकघराचा. एकट्या आजाऱ्याचे ताट वेगळे मांडले, तर गृहिणीला दोन स्वयंपाक पडतात आणि समोरच्या ताटातील पापड पाहून पथ्य महिनाभरही टिकत नाही. तेच जेवण सर्वांनी घेतले, तर वडिलांचा आजार आटोक्यात राहतो आणि मुलांच्या पन्नाशीची तरतूदही आजच होते. वारशात केवळ दुकान आणि जमीन येत नाही. जेवणाची सवयही येते.