पन्नीतला गरम रस्सा

महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगेकाठी यात्रा भरते. बंदोबस्त, जादा बसगाड्या, पिण्याचे पाणी यांच्याइतकाच आणखी एक प्रश्न प्रशासनाने तिच्या तयारीत धरायला हवा. भाविकांच्या हाती गरम अन्न कशातून पडते?

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. तिचे मूळ मुख्यतः कचऱ्याच्या धास्तीत, २००५ च्या मुंबईच्या महापुरात तुंबलेल्या गटारांत. त्यामुळे कारवाई म्हणजे किती किलो पिशव्या जप्त झाल्या याचा हिशेब. पन्नीतून पोटात काय गेले, हे त्या हिशेबात येत नाही.

प्लास्टिक मऊ राहावे, उन्हात तडकू नये, रंग धरावा म्हणून त्यात नाना रसायने घालतात. त्यातली बरीचशी प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात. उष्णता आणि तेल मिळाले की अन्नात उतरतात. उकळती तर्री पन्नीत ओतली की दोन्ही एकदम मिळतात. चहाचा कागदी कपही निव्वळ कागदाचा नसतो, आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण सुटतात, असे खरगपूरच्या आयआयटीच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळले. (आपल्या भागातला खर्रा तर पन्नीतच घोटला जातो. तंबाखूपुढे प्लास्टिकची काय कथा, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.)

नियमांची वानवा नाही. वेष्टनातून एक किलो अन्नात साठ मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्रव्ये उतरता कामा नयेत, असे केंद्राचे २०१८ चे नियम सांगतात. पण ही चाचणी द्यायला वेष्टनाला कुणी धनी लागतो. हातगाडीवरच्या काळ्या पन्नीवर ना कारखान्याचे नाव, ना पत्ता. ती कसल्या भंगारातून वितळवली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. छापील वेष्टनातले बिस्किट खाणाऱ्याला कायद्याचा थोडा तरी आधार आहे. पन्नीतून रस्सा नेणाऱ्या मजुराला तोही नाही. अन्न व औषध प्रशासनाने नमुने घ्यायचे तर सुरुवात याच पन्नीपासून व्हावी.

नुसता दंड करून हातगाडीवाल्याचे पोट मारण्यात मात्र अर्थ नाही. त्याच्या हाती त्याच भावात दुसरे काही द्यावे लागेल. झाडीपट्टीत पळसाच्या पत्रावळी-द्रोणांवर पंगती उठत आल्या आहेत, आणि तेंदू-बांबूचे व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभा याच जिल्ह्यात आहेत. अडचण वेळेची आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास पळसाची पानगळ चालू असते. द्रोण-पत्रावळी पावसाळा सरताच शिवून, वाळवून ठेवाव्या लागतील. म्हणजे जिल्हा परिषदेची मागणी आणि आगाऊ रक्कम दिवाळीपूर्वी ग्रामसभांकडे पोहोचायला हवी. मागणीपत्रात एक अटही स्पष्ट असावी: पत्रावळ हाताने शिवलेली हवी. यंत्रावर दाबलेल्या कित्येक पत्रावळींच्या पानाखाली हल्ली प्लास्टिकचाच पापुद्रा असतो.