पहाटेची फेरी आणि नसांचं अस्तर

नोव्हेंबरातली पहाट. दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये कानटोपी-मफलर गुंडाळलेली ज्येष्ठ मंडळी झपाझप फेऱ्या मारीत असतात. एखाद्याच्या खिशात छोटीशी गोळी असते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची. शरीर तरुणपणी जे काम आपसूक करते, तेच ही गोळी घटकाभर करून देते.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून अवघ्या एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्याचे आयुष्य काही सेकंदांचे. पण तेवढ्यात तो रक्तवाहिनीचे स्नायू सैल करतो, वाट रुंदावते आणि रक्तदाब उतरतो. गोळीचे औषध शरीरात हाच वायू पुरवते. हे कोडे उलगडायला मात्र शंभरावर वर्षे लागली. १८४७ साली तयार झालेल्या नायट्रोग्लिसरिनपासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवला. त्यांना स्वतःला हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी औषध सुचवले तेही नायट्रोग्लिसरिनच! या वायूची कामगिरी शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली पारितोषिक मिळाले, तेही नोबेल यांच्याच नावाचे.

वय वाढते तसे हे अस्तर थकते. पुरुषांमध्ये साधारण चाळिशीनंतर, तर स्त्रियांमध्ये पाळी थांबण्याच्या सुमारास त्याची क्षमता घटू लागते. रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचा रक्तदाब चढतो. मधुमेह आणि धूम्रपान या घसरणीला वेग देतात.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चालणे. रक्त जोराने वाहू लागले की अस्तर जास्त वायू बनवते. पण दिल्लीकरांची पंचाईत इथेच होते. हिवाळ्यात रात्रभर गारठलेली हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूरही तिच्याबरोबर. भरभर चालणारा माणूस खोल श्वासाबरोबर तेच सूक्ष्म कण आत ओढतो आणि हे कण अस्तरालाच इजा करतात. दिल्लीच्या रहिवाशांवरील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रदूषित हवा आणि वाढता रक्तदाब यांचा संबंध दिसून आला. (नायट्रिक ऑक्साइड मोटारींच्या धुरातही असतो, पण तो हुंगून हृदय सुधारत नाही. हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो फुप्फुसांना जाचतो.)

म्हणून चालणे सोडू नये, वेळ बदलावी. थंडीत ऊन चढल्यावर, शक्यतो दुपारी निघावे. हवेचा निर्देशांक फारच वाईट असेल त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. पहाटेची सवय मोडणे जिवावर येते, हे खरे!

पालक, मेथी, बीट यांतल्या नायट्रेटपासूनही शरीर हा वायू बनवते. त्याची पहिली पायरी जिभेवरचे जिवाणू पार पाडतात. त्यामुळे तोंड सतत जंतुनाशक द्रवाने धुण्याची हौस इथे आड येते. भाजीच्या जुडीऐवजी महागड्या पावडरींचे डबे आणण्याचे मात्र कारण नाही.

जिभेखालची गोळी खाली बसूनच घ्यावी. रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. व्हायग्रासारखे औषध घेणाऱ्याने ही गोळी मुळीच घेऊ नये, दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. कळ पाच मिनिटांत थांबली नाही, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.